पान तीन, उजवीकडून दुसरी

फोन बायकोच्या मोबाइलवर आला होता आणि तिने तो मुद्दाम स्पीकरवर टाकला. मी टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सात वर्षांत मुलीचा आवाज मी असा उघडपणे पहिल्यांदाच ऐकत होतो. तोवर तिचा फोन आला की बायको गॅलरीत जायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

"आई, हिच्या शाळेने स्क्रॅपबुक करायला सांगितलंय," मुलगी म्हणत होती. "माय फॅमिली म्हणून. एक पान आईच्या लहानपणाचं हवंय. माझ्याकडे एक पण फोटो नाहीये गं. दोन-चार असले तर दे ना."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "आहेत की," ती फोनमध्ये म्हणाली. "खूप आहेत. बाबा काढून ठेवतील. शनिवारी पोरीला घेऊन घरीच ये."

पलीकडून "बघते" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मी वर्तमानपत्र मिटलं. घरात मुलीचा एकही धड फोटो नव्हता. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या फोटोंतून तिला मीच कापून काढलं होतं.

मी तापट माणूस आहे. हे कौतुकाने सांगत नाही. काही जण कौतुकाने सांगतात, तशांचा मला राग येतो. माझ्या रागाचं मला स्वतःला कधी काही सोसावं लागलं नाही, जे काही सोसलं ते घरातल्या दोघींनी. मुलगी पंचविसाची होती तेव्हा एका संध्याकाळी घरी आली आणि उभ्या उभ्या म्हणाली की आम्ही रजिस्टर लग्न केलंय. मुलगा डोंगरीचा, म्हणजे आमच्याच स्टेशनच्या पश्चिमेला समुद्राकडे जे गाव आहे तिथला, ख्रिस्ती, कंपनीत तिच्याबरोबर कामाला. त्याच्या धर्माचा मला राग आला हे खरं, पण त्याहून जास्त राग मला विचारलं नाही याचा आला. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, हे तिलाही माहीत होतं. मी दारात उभा राहून म्हणालो, "आजपासून तू मला मेलीस." ती एक बॅग घेऊन जिना उतरली. बॅगेत कपडे होते, सर्टिफिकेटं होती. फोटो कोण नेतं अशा वेळी?

दुसऱ्या दिवशी बायको बहिणीकडे रडायला गेली होती. मी अल्बम काढला, स्टीलची पट्टी काढली, कटरला नवीन ब्लेड लावलं आणि दुपारभर बसून मुलीला कापलं. एकोणीस फोटो. माझ्या हाताला ते काम जड नव्हतं, कारण कापणं हाच माझा धंदा होता.

मी पेस्ट-अप आर्टिस्ट होतो. आता हा शब्द कोणाला सांगून उपयोग नाही. कॉम्प्युटर येण्याआधी छापायचं पान हाताने जुळवावं लागायचं. मजकूर चकचकीत कागदावर उमटून यायचा. तो कटरने कापायचा, मागे रबर सोल्यूशन लावायचं आणि मोठ्या पांढऱ्या कागदावर फिकट निळ्या पेन्सिलीने आखलेल्या रेघांत बसवायचा. ती निळी रेघ छपाईच्या कॅमेऱ्याला दिसायची नाही. कापलेली कड दिसलीच, तर पुढे निगेटिव्हवर रंग लावून बुजवायची. फोर्टातल्या एका छापखान्यात मी अठरा वर्षं हे काम केलं. ओळ अर्ध्या मिलिमीटरने तिरकी गेली तरी मला चैन पडायची नाही, आणि शेजारच्याची तिरकी गेली तर मी त्याच्या टेबलाशी जाऊन ती उचकटायचो. त्यामुळे तिथे माझं कोणाशी फारसं जमलं नाही.

त्या कामाची एक शिस्त होती. कापलेला तुकडा लगेच फेकायचा नाही. साहेब सकाळी जो कोपरा काढायला सांगतात तोच संध्याकाळी परत मागतात. म्हणून तुकड्याच्या मागे पेन्सिलीने पानाचा नंबर आणि जागा लिहायची आणि पुढे एक अक्षर घालायचं. ठेवायचा असेल तर 'ठे', रद्द असेल तर 'र'. मग पाकिटात. घरीसुद्धा मी लग्नपत्रिका, हँडबिलं आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती जुळवून द्यायचो. मुलगी सहा-सात वर्षांची असताना माझ्या बोर्डाला टेकून बसायची. 'र' लिहिलेले तुकडे तिचे. त्यांची ती आपली वर्तमानपत्रं करायची. एकात साबणाच्या जाहिरातीतली बाई देवळाच्या कळसावर बसली होती. 'ठे' लिहिलेल्याला हात लावायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा लावला होता तेव्हा थप्पड खाल्ली होती.

तर त्या दुपारी मुलीचे एकोणीस तुकडे झाले. प्रत्येकाच्या मागे मी नंबर टाकला, एका खाकी पाकिटात भरले आणि पाकीट हत्यारांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्यामागे काही विचार नव्हता. सवयीचा हात होता, तो चालत राहिला. भोकं पडलेला अल्बम मी कपाटात परत ठेवला आणि दोन दिवसांनी तो तिथे नव्हता. मी विचारलं नाही, बायकोने सांगितलं नाही. निगेटिव्ह असत्या तर गोष्ट वेगळी होती. पण पूर्वी तळमजल्यावर राहायचो तेव्हा घरात पाणी शिरलं होतं आणि निगेटिव्हच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या.

बायको मात्र तिला भेटत होती. दर गुरुवारी ती भाजी आणायला म्हणून पश्चिमेला जायची. आम्ही पूर्वेला राहतो, त्या जेसल पार्कात काय भाजी मिळत नाही? सकाळी निघायची ती दुपार टळल्यावर पिशवीत दोन लिंबं घेऊन यायची. डोंगरीची बस पश्चिमेहून सुटते हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. मी त्या लिंबांचं सरबत प्यायचो आणि गप्प राहायचो. नात झाली तेव्हा तर बायको दीड महिना रोज भाजीला जात होती.

फोन ठेवल्यावर ती उठली, दिवाणाचा खण उघडला आणि खालच्या गोधडीत गुंडाळलेला अल्बम काढून माझ्यासमोर ठेवला. "सात दिवस आहेत," ती म्हणाली. "कापलंत तुम्ही. आता पोरीला काय दाखवायचं ते तुम्हीच बघा. तुकडे तर केव्हाच कचऱ्यात गेले असतील."

मी आत जाऊन डबा उघडला आणि पाकीट आणून तिच्या हातात दिलं. तिने ते उघडलं नाही. नुसतं हातात धरून खुर्चीवर बसली. "हे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि मला सात वर्षं वाटत होतं की माझी पोर घंटागाडीत गेली." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

पेस्ट-अप येणाऱ्याला स्क्रॅपबुक काय अवघड, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच जेसल पार्कातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो आणि रबर सोल्यूशन मागितलं. दुकानदाराने पंक्चरवाल्याकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "अंकल, करना क्या है?"

"स्क्रॅपबुक. स्कूल का प्रोजेक्ट."

"किसका?"

"नात का," मी म्हणालो. हिंदीत मुलीच्या मुलीला काय म्हणतात ते आठवेना. 'नात' हा शब्द मी तोंडातून पहिल्यांदाच काढत होतो आणि तोही एका परक्या माणसापुढे.

"तो ऊपर जाओ ना अंकल. मैडम क्लास लेती है. सब सिखा देगी."

वर एका खोलीत सतरंजीवर पाच बायका रंगीत कागदांच्या पसाऱ्यात बसल्या होत्या. शिकवणारी मुलगी तिशीची असेल, माझ्या मुलीच्या आसपासची. मला बघून तिला वाटलं मी बिलाचं विचारायला आलोय. शिकायला आलोय म्हटल्यावर तिने एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा काका. गुडघे दुखत असतील तर खाली नका बसू." गुडघे दुखत होते, पण मी खालीच बसलो.

तिने सुरुवातीपासून सांगितलं. आधी फोटो निवडायचे, मग कागद. कागद आवडला म्हणून त्याला शोभेल असा फोटो शोधत बसायचं नाही. एका पानावर एकच फोटो मोठा, बाकीचे त्याच्याकडे आलेले पाहुणे. रंग तीनच घ्यायचे. कागदी फुलं, बटणं, रिबिनी काय लावायचं ते एक, तीन, पाच अशा विषम संख्येत. कुठेतरी मोकळी जागा सोडायची आणि थोडी जागा लिहायला ठेवायची, नाहीतर दहा वर्षांनी कोण कुठे उभं आहे ते कोणाला कळत नाही. आणि सगळं सुकं मांडून, लांबून बघून पटेपर्यंत गोंदाला हात लावायचा नाही. हे शेवटचं ऐकून मला ती आवडली. रबर सोल्यूशनबद्दल विचारलं तर म्हणाली, "अय्यो काका, त्याने फोटो पिवळे पडतील. फोटोला वेगळा गोंद येतो, अ‍ॅसिड नसलेला." मी अठरा वर्षं जे वापरलं ते फोटोला मारक होतं, हे मला त्या सतरंजीवर कळलं.

माझी खोड मात्र गेली नाही. शेजारच्या बाईंनी नवऱ्याचा फोटो पानाच्या डाव्या कडेला ठेवला होता आणि नवरा आणखी डावीकडे बघत होता. मला राहवेना. "बाई, तुमचे मिस्टर पानाबाहेर बघतायत. चेहरा नेहमी पानाच्या आत बघायला पाहिजे."

"ते तसेच आहेत हो काका," बाई म्हणाल्या. "घरात असले तरी बाहेरच बघतात."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. त्या हसण्यातच मी पिशवीतून अल्बममधला एक फोटो आणि पाकिटातला त्याचा तुकडा काढून सतरंजीवर मांडला.

तो मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो होता. बिल्डिंगच्या गेटपाशी चौघं उभी. डावीकडे तिची मावशी, मग बायको, मग मुलगी, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली, आणि उजव्या टोकाला मी. मी कापला तेव्हा तिच्या केसांच्या कडेकडेने ब्लेड इतकं बारीक फिरवलं होतं की शेजारच्या बायकोच्या साडीला ओरखडासुद्धा नव्हता. फक्त एका ठिकाणी मला निवड करावी लागली होती. माझा हात तिच्या खांद्यावर होता. तो मनगटाशी कापला. त्यामुळे फोटोत मी बिनपंजाचा उभा होतो आणि पंजा तुकड्यावर, तिच्या खांद्यावर राहिला होता.

शिकवणारी मुलगी वाकून बघत राहिली. "असे का कापलेत काका?"

"अल्बमला बसत नव्हते."

तिने तुकडा भोकात ठेवून बघितला. बसला. पण कड दिसत होती, सगळ्या अंगाभोवती पांढरी बारीक रेघ. "इतकं फाइन कटिंग मी कधी बघितलं नाही," ती म्हणाली. खोटं तिला कळलं होतं, पण तिने पुढे विचारलं नाही. "जॉइंट दिसतोय ना, मग फुलं लावा. फुलांखाली सगळं जातं. आणि मागे काळं कार्ड द्या, फोटो उठून दिसेल." तिने कागदी फुलांचं एक पाकीट दिलं, पांढरी आणि मोतिया.

तीन दिवस मी जेवण झालं की टेबलावर बसायचो. खरं सांगायचं तर मजा येत होती. सात वर्षांनी, किंबहुना त्याहूनही जास्त वर्षांनी, हाताला हातासारखं काम मिळालं होतं. फुलांखाली कड खरंच जात होती. मुलीच्या चेहऱ्याभोवती मी फुलं लावत गेलो, खांद्यावरून, वेण्यांवरून, डोक्यावरून. चेहरा मधोमध, लंबगोलात छान बसला. मावशी, बायको आणि मी फुलांआड गेलो ते जरा खटकलं, पण पान मुलीचं होतं. मागे काळं कार्ड, चारी बाजूंनी सारखं, पट्टीने मोजून. खाली लिहायला जागा सोडली होती तिथे तिचं नाव घातलं आणि नावाखाली जन्मतारीख. तारखेच्या पुढे छोटी आडवी रेघ दिली, शाळेचा पहिला दिवस कोणता ते बायकोला विचारून भरू म्हणून. लांब धरून बघितलं. एकदम तोलात होतं. माझ्या हातून इतकं तोलातलं पान फार वर्षांनी झालं होतं.

बायको चहा घेऊन आली. तिने पान बघितलं आणि कप टेबलावर ठेवायच्या ऐवजी जमिनीवर ठेवला, मग तिथेच खाली बसली.

"जिवंत पोरीला हार घातलात?"

मला क्षणभर कळेना. मग मी तिच्या जागेवरून पानाकडे बघितलं. लंबगोलात चेहरा. भोवती पांढरी फुलं. खाली नाव, जन्मतारीख, रेघ आणि पुढची जागा रिकामी. सगळ्याला काळी चौकट. या मापाच्या श्रद्धांजली मी शेकडो जुळवल्या असतील. कोणी रडत घरी यायचं, फोटो देऊन जायचं आणि मी अर्ध्या तासात हेच मांडायचो. माझ्या हाताला दुसरं पानच येत नव्हतं. मी मोकळी जागा म्हणालो, काळं कार्ड म्हणालो, तीन रंग म्हणालो आणि हाताने शेवटी तेच केलं जे तोंडाने दारात उभं राहून केलं होतं.

"तिच्यासमोर हे धरणार होतात?" बायको म्हणाली. "ती आली असती, तिने उघडलं असतं."

मी फुलं उपटायला लागलो. सावकाश काढायला हवी होती. हेअर ड्रायरने गोंद ऊन केला तर तो सुटतो असं क्लासमध्ये सांगितलं होतं. पण माझ्याने एक क्षणही ते बघवेना. दुहेरी टेपने लावलेली फुलं कागद घेऊनच निघत होती. डोक्यावरचं फूल निघालं त्याबरोबर उजव्या वेणीची रिबीन निघून आली. लाल रंगाच्या जागी पांढरा खरबरीत कागद उरला. बायकोने माझा हात धरला. "बास," ती म्हणाली. "आता बास करा."

मला रडू आलं. म्हणजे अगदी हुंदके देऊन, सदुसष्ट वर्षांच्या माणसाने रडू नये तसं. मी जे काही जपून ठेवलं होतं असं मला वाटत होतं, त्याचंही मी वाटोळं केलं होतं.

त्यानंतर मी सजावटीच्या भानगडीत पडलो नाही. साधी मोतिया रंगाची पानं घेतली आणि निवडलेले पाच फोटो तुकड्यांसकट जोडून लावले. फुलं नाहीत, रिबिनी नाहीत, चौकट नाही. पाचही फोटोंत मुलीभोवती रेघ दिसत होती. ती दिसू दिली. खाली फिकट अक्षरात काय कुठे ते लिहिलं: गॅलरी, सत्यनारायण, मावशीच्या लग्नातलं, असं. फक्त शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो, तो सहावा, शेवटच्या पानावर सुका मांडून ठेवला. रिबीन गेलेला तुकडा शेजारी. त्याला गोंद लावायचा मला धीर होईना.

शनिवारी अकराच्या सुमाराला त्या दोघी रिक्षाने आल्या. जावई आला नाही. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं, हे मला दार उघडल्यावर सुचलं. मुलगी जराशी जाड झाली होती आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने "कसे आहात?" विचारलं, जसं ओळखीच्या माणसाला विचारतात. मी "बरा आहे" म्हणालो. सात वर्षं मनात ज्याची भाषणं रचली होती ते एवढंच झालं.

नात सरळ टेबलाकडे गेली. तिने पहिलंच पान उघडलं आणि फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवलं. "ह्यो कोन हाय?"

"आजोबा आहेत ते," मुलगी म्हणाली.

पोरीने फोटोकडे बघितलं, मग वर माझ्याकडे, पुन्हा फोटोकडे. "न्हाय," ती ठामपणे म्हणाली. बायको हसली आणि तिला लाडू द्यायला आत घेऊन गेली. माझी नात डोंगरीचं बोलते हे मला बायकोने कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, टीव्ही चालू असताना.

टेबलाशी आम्ही दोघंच उरलो. मुलगी उभ्यानेच पानं उलटत होती. दुसऱ्या पानावर तिचा हात थांबला. तिने नखाने ती पांढरी रेघ चाचपली, स्वतःच्या डोक्याभोवती, मानेभोवती, कमरेपर्यंत. पुढच्या पानावरही तेच केलं. मी तोंड उघडलं नाही तर ती विचारणार नव्हती. तिला माझ्यासारखंच गप्प राहता येतं.

"मी कापलं होतं," मी म्हणालो. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्यांतून."

ती शेवटच्या पानाशी आली आणि सुटा तुकडा उचलला. रिबीन गेलेली जागा बघितली. मग सवयीने, अगदी लहानपणच्या सवयीने, तो उलटा केला.

मागे माझं अक्षर होतं. 'पा. ३, उजवीकडून दुसरी.' आणि पुढे 'ठे'.

नंबर मला आठवत होते. पुढे काय अक्षर घातलंय ते मी सात वर्षांत वाचलं नव्हतं. जोडताना डोळ्यांखालून गेलं असेल, पण मी जागा जुळवत होतो. 'र' असायला हवं होतं. मी त्या दुपारी जेवढा चिडलो होतो, तेवढ्या रागाला 'र'च शोभलं असतं.

"हे कधी लिहिलंत?" तिने विचारलं.

"कापलं तेव्हाच."

"म्हणजे त्याच दिवशी?"

"हो."

तिने तुकडा खाली ठेवला, फार हळू. "मग सात वर्षं कशाची वाट बघत होतात, बाबा?"

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी काहीतरी बोललो असतो. चढलेल्या आवाजाला मला उत्तर देता येतं. मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. ती येईल, माफी मागेल, याची वाट बघत होतो असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. डोंगरी बसच्या अंतरावर होती. मी कशाचीच वाट बघत नव्हतो. मी नुसता बसून होतो आणि सरबत पीत होतो. "माहीत नाही," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात नात काहीतरी सांगत होती आणि बायको "हो का गं?" म्हणत होती. मुलीने खुर्ची ओढली आणि बसली. माझ्या हातातली गोंदाची बाटली घेतली. "हा मी लावते."

तिने आधी फोटो लावला. मी, बायको, मावशी आणि मधलं भोक. मग तुकड्याच्या मागे गोंद फिरवला, त्या 'ठे'वरून, आणि तुकडा पानावर ठेवला. भोकात नाही. फोटोच्या शेजारी, माझ्या बाजूला, मध्ये बोटभर जागा सोडून. माझं मनगट अलीकडे राहिलं आणि पंजा पलीकडे, तिच्या खांद्यावर.

मी हात पुढे केला. अठरा वर्षांचा हात तो, आपोआप पुढे होतो. "जरा सरकव," मी म्हणणार होतो, "अजून ओला आहे, बसेल जागेवर."

"असंच राहू दे," ती म्हणाली. "तेवढी जागा होती ना."

मी हात मागे घेतला. तिने अंगठ्याने कडा दाबल्या, लहानपणी मी शिकवलं होतं तशा, मधून बाहेर, म्हणजे गोंद बाहेर येत नाही. मग तिने नातीला हाक मारली आणि पान वाळेपर्यंत आम्ही तिघं त्याच्याभोवती बसून राहिलो.